बाळगोळीपासून मातृदुग्धपेढीपर्यंत

गिरणगावचा इतिहास आपण भोंगा, चाळ आणि संप या तीन शब्दांत आठवतो. त्या काळच्या मातांच्या तोंडी आणखी एक शब्द होता, तो आज विस्मरणात गेला आहे : बाळगोळी. अफूचा अंश असलेली ही लहानशी गोळी तान्ह्या मुलाला चाटवली की ते तासन्‌तास निपचित पडून राही आणि आई कामावर जाई. गिरणी-कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली होती. या स्त्रियांच्या शंभर तान्ह्यांपैकी ९८ जणांना अफू दिली जाते, असे त्यांनी १९२२ साली नमूद केले.

हा आकडा वाचून त्या मातांना दोष देण्याचा मोह होतो. परंतु दोष देण्यापूर्वी त्यांचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. पहाटे चूल, मग गिरणी, संध्याकाळी पुन्हा चूल. मूल सांभाळायला घरात म्हातारे माणूस नाही आणि रजा घेतली तर मजुरी बुडणार. अशा आईला बाळगोळी हेच पाळणाघर होते. झोपलेले बाळ रडत नाही हे खरे. पण ते दूधही मागत नाही. न मागता ते वाळत जाते.

१९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भकांचे मृत्यू नोंदले गेले. या आकड्यात थोडी फसगत आहे. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात आपल्या गावी जात. त्यामुळे जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची मुंबईत, असे घडे. तरीही त्याच वर्षीचा दुसरा तपशील बोलका आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण हजारी ८२८ होते, तर चार किंवा अधिक खोल्या असलेल्या घरांत १३३. शहर एकच, रोगराई तीच. बाळाचे आयुष्य मात्र आईबापांच्या खोल्यांवर ठरत होते.

कामगारनेते ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-भत्त्याचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. पुढे तोच प्रश्न मुंबईच्या कायदेमंडळात आला. २८ जुलै १९२८ रोजी तेथे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार खरे तर सरकारने उचलावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली कायदा झाला. भारतातील या स्वरूपाचा तो पहिला कायदा. बाळाच्या आरोग्याची सुरुवात आईच्या विश्रांतीपासून होते, हे येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत मान्य झाले.

मात्र भत्त्याचा भार मालकावर पडला. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्याला नवी यंत्रे, रात्रपाळीवरील बंदी अशी इतरही कारणे होती. गिरणीतून बाहेर पडलेली स्त्री घरी बसली नाही. तिने खानावळ चालवली, भाजीची पाटी डोक्यावर घेतली, परक्या घरची धुणीभांडी केली. तेथे भोंगा नव्हता, तसा कायदाही नव्हता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. त्यांत शहरी झोपडपट्ट्याही होत्या. अंगणवाडीच्या पूरक आहारात बालकांबरोबर गरोदर आणि स्तनदा मातांचाही समावेश करण्यात आला, ही मोठी गोष्ट होती. १९८९ साली शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. एका आईचे उरलेले दूध दुसरीच्या अशक्त बाळाला मिळू लागले. पुढे १९९९ साली त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. झोपडपट्टीतील बालकांच्या पोषणाबरोबर स्त्रियांवरील हिंसाचाराचा प्रश्नही या संस्थेने हाती घेतला. मार खाणारी, उपाशी निजणारी आई आपल्या बाळाला कशाच्या बळावर वाढवणार?

वैद्यकशास्त्र आज हेच सांगते. रक्तक्षय झालेल्या, कमी वयात किंवा लागोपाठ गरोदर राहिलेल्या आईचे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका अधिक असतो. कुपोषित आईच्याही अंगावर बहुधा पुरेसे दूध येते; तिच्याकडे नसतो तो वेळ. ती कामावर गेली की बाळाच्या तोंडी पाणी घातलेल्या दुधाची बाटली येते, बाटलीमागून जुलाब येतात आणि जुलाबांमागून वजन उतरते. त्यातून वाचलेली खुरटी मुलगी पुढे अशाच बाळाची आई होते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती आणि १५ ते ४९ या वयातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हे दोन आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत.

२०१७ साली प्रसूती-रजा २६ आठवड्यांची झाली. आपल्या नोकरदार लेकीसुनांना तिचा लाभ मिळाला, याचा आपल्याला आनंद आहे. परंतु त्याच लेकीचे बाळ सांभाळायला जी बाई येते, तिला असा एकही आठवडा भरपगारी मिळत नाही. सातव्या महिन्यापर्यंत ती आपली लादी पुसते, मग दिसेनाशी होते आणि आपण दुसरी बाई शोधतो.

गिरणीमालकांनी त्या काळी काय करायला हवे होते, हे आपण आज सहज सांगू शकतो. पण आपल्या धर्मग्रामातील किती घरांत आज आपण स्वतःच मालक आहोत! तिची दोन महिन्यांची पगारी रजा, कामाच्या वेळी तिच्यासाठी एक गरम जेवण आणि बाळाला पाजण्यापुरती सवड, एवढे देण्यासाठी आपल्याला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. बाळगोळी दुकानांतून गेली. ती चाटवायला लावणारी घाई मात्र अजून गेलेली नाही आणि तिचा काही भाग आपल्याच घरातून निघतो.