करार संपला, मग मी कुणाचा?

दर वर्षी मार्च महिना आला की अमेरिकेतल्या फुटबॉलवेड्यांच्या फोनवर याद्या फिरायला लागतात. आपल्या संघाला चांगला वाइड रिसीव्हर हवाय, तर बाजारात कोण कोण मोकळं आहे? कुणाचं वय झालं, कुणाचा गुडघा गेलाय, कोण परवडेल, कोण नाही? भाजी निवडावी तशी खेळाडूंची नावं निवडली जातात. त्या याद्या वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. ही यादी करता येते, हेच मुळात कसं शक्य झालं? कारण तीस वर्षं ती जवळपास कोरी होती.

आधी दोन गोष्टी समजून घेऊ. इथे फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नव्हे, एनएफएलचा. लांबट चेंडू, हेल्मेट, धडकाधडकी. त्यात क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि मैदानाच्या कडेला उभा असलेला वाइड रिसीव्हर धावत सुटून तो झेलतो. रिसीव्हर कितीही गुणी असला तरी फेकणारा बरा नसेल तर त्याचं काही चालत नाही. म्हणजे आपण कोणत्या संघात आहोत, यावर या माणसाचं अख्खं करिअर ठरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हा संघ तो स्वतः निवडत नाही. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांना संघ 'ड्राफ्ट'मध्ये पाळीपाळीने उचलतात. ज्याने उचललं, त्याच्याकडे जायचं. मग पुढचा साधा प्रश्न असा की, करार संपल्यावर तरी मी मोकळा का?

या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला तो एका रिसीव्हरनेच. त्याचं नाव आर. सी. ओवेन्स.

उंच उडीचा माणूस

ओवेन्स मुळात बास्केटबॉलमध्येही तयार होता. कॉलेज ऑफ आयडाहोमध्ये तो एल्जिन बेलरसोबत खेळला. हा बेलर पुढे बास्केटबॉलमधल्या सर्वकालीन थोर खेळाडूंत गणला गेला. १९५७ साली ओवेन्स सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्समध्ये आला आणि त्याच वर्षी एक गंमत घडली. क्वार्टरबॅक वाय. ए. टिटल अडचणीत आला की चेंडू सरळ आभाळात उंच भिरकवायचा. खाली दोन-तीन बचावपटू वाट बघत असायचे, पण ओवेन्स सगळ्यांच्या डोक्यावरून उडी मारून तो काढायचा. एका कॉमिक स्ट्रिपमधल्या गुहामानवाच्या नावावरून या चालीला 'अ‍ॅली ऊप' म्हणू लागले. त्या हंगामात डेट्रॉइटविरुद्ध शेवटची काही सेकंद उरलेली असताना याच चालीवर सामना ३५-३१ असा जिंकला गेला.

१९६१ च्या हंगामात ओवेन्सने ५५ झेल घेतले आणि १,०३२ यार्ड कमावले. तो ऐन भरात होता आणि नेमकं तेव्हाच त्याने करारातलं बारीक अक्षर वापरलं.

त्या काळच्या करारात 'ऑप्शन' नावाचं कलम असायचं. करार संपला तरी संघ खेळाडूला आणखी एक वर्ष ठेवून घेऊ शकत होता, तेही दहा टक्के पगार कापून. पण त्या एका वर्षानंतर काय, यावर करार गप्प होता. म्हणजे कुणी चिवटपणे ते वर्ष कमी पैशात काढलं, तर कागदोपत्री तो मोकळा. ओवेन्सने तेच केलं. ते वर्ष खेळून काढलं आणि १९६२ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सशी करार केला. सॅन फ्रान्सिस्कोला बदल्यात काहीही मिळालं नाही.

कोल्ट्सकडून खेळताना त्याच वर्षी त्याने वॉशिंग्टनविरुद्ध आणखी एक अचाट प्रकार केला. प्रतिस्पर्ध्याने फील्ड गोलसाठी लाथाडलेला चेंडू त्याने गोलपोस्टपाशी उभं राहून, उडी मारून, आडव्या दांड्यावरून जाता जाता हाताने परतवला. पुढे लीगने नियम करून हा प्रकारच बंद केला. ओवेन्सचं नशीबच असं दिसतं की, तो उडी मारायचा आणि मागून नियम बदलायचा.

एका माणसासाठी एक नियम

संघमालक हादरले. एक गेला तर उद्या दहा जातील. १९६३ मध्ये लीगने आपल्या घटनेत दुरुस्ती केली. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला, तर नव्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची. दोघांचं जमलं नाही, तर कमिशनर पीट रोझेल ठरवतील ती भरपाई. यालाच 'रोझेल रूल' म्हणतात.

यातली मेख बघा. खेळाडूला कुणी अडवलेलं नाही. तो खुशाल जाऊ शकतो. फक्त त्याला घेणाऱ्याला आधीपासून कळणारच नाही की आपल्याला काय मोजावं लागेल. दुकानात वस्तू उचला, पैसे भरा आणि किंमत आम्ही घरी गेल्यावर सांगू, असा तो व्यवहार होता.

किंमत किती असू शकते, ते १९६८ मध्ये दिसलं. यावेळीही खेळाडू रिसीव्हर होता आणि संघही सॅन फ्रान्सिस्कोच. डेव्ह पार्क्स १९६४ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिला उचललेला खेळाडू. १९६५ मध्ये ८० झेल आणि १,३४४ यार्ड घेऊन तो लीगमध्ये अव्वल होता. त्याने ऑप्शनचं वर्ष काढलं आणि न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेला. रोझेलनी निकाल दिला की, सेंट्सनी नुकताच पहिल्या फेरीत घेतलेला केविन हार्डी सॅन फ्रान्सिस्कोला द्यावा, वर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवडही द्यावी. एका रिसीव्हरसाठी दोन वर्षांचं भविष्य. पार्क्सला न्यू ऑर्लिन्समध्ये १९६५ सारखी कामगिरी पुन्हा कधीच जमली नाही. बाकीच्या मालकांनी धडा घेतला.

पुढे कोर्टात जे आकडे आले ते बोलके आहेत. १९६३ ते १९७४ या बारा वर्षांत १७६ खेळाडूंनी ऑप्शनचं वर्ष खेळून काढलं. त्यातले दुसऱ्या संघात गेले फक्त ३४. आणि रोझेलना स्वतः भरपाई ठरवावी लागली ती अवघ्या चार वेळा. चार निकालांची भीती बाकीच्यांना पुरली.

मॅकी

१९६३ मध्ये, म्हणजे नियम आला त्याच वर्षी, बाल्टिमोर कोल्ट्सने जॉन मॅकी नावाचा एक नवखा टाइट एंड घेतला. ओवेन्स तेव्हा त्याच संघात होता. ज्याच्यामुळे नियम आला आणि ज्याच्या नावाने तो पुढे मोडला, ते दोघं त्या हंगामात एकाच ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलत होते. त्यांच्यात या विषयावर काय बोलणं झालं असेल, याची आपण फक्त कल्पना करायची.

मॅकी पुढे खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष झाला. १९७२ मध्ये तो आणि इतर काही खेळाडू कोर्टात गेले. मुद्दा कामगार म्हणून किती पगार मिळतो याचा नव्हता. बाकी उद्योगांत मालकांनी आपसात ठरवून एकमेकांची माणसं न घेण्याचा करार केला तर तो मक्तेदारीविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतो, मग इथे का नाही, असा सवाल होता. मिनियापोलिसच्या कोर्टात ५५ दिवस सुनावणी चालली. डिसेंबर १९७५ च्या अखेरीस न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी रोझेल रूल बेकायदा ठरवला. १९७६ मध्ये वरच्या कोर्टानेही तो टिकू दिला नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण संपली नाही. वरच्या कोर्टाने सुचवलं होतं की, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी वाटाघाटीत सोडवावा. युनियनचा खजिना रिकामा होता. १९७७ च्या करारात तिने पैसे आणि सुविधा घेतल्या आणि बदल्यात नवी बंधनं मान्य केली. जुन्या संघाला आता समोरच्याइतकीच बोली लावून खेळाडू ठेवून घेण्याचा हक्क मिळाला. आयपीएलमधलं 'राइट टू मॅच' कार्ड आठवा, साधारण तीच कल्पना. वर ड्राफ्टमधल्या निवडींची भरपाई होतीच. कोर्टात जिंकलेलं टेबलावर परत गेलं. १९८१ मध्ये वॉल्टर पेटनसारख्या त्या काळच्या सर्वोत्तम धावपटूचा करार संपला, तरी दुसऱ्या एकाही संघाने त्याला विचारलं नाही. पेटनला!

युनियन मोडून जिंकलेली लढाई

१९८७ मध्ये खेळाडू संपावर गेले. मुख्य मागणी मोकळेपणाचीच होती. मालकांनी बदली खेळाडू आणून सामने चालू ठेवले, टीव्हीवर ते दाखवलेही गेले आणि २४ दिवसांत संप कोसळला. मग कोर्ट. तिथे १९८९ मध्ये एक विचित्र पेच समोर आला. वरच्या कोर्टाचं म्हणणं असं की, युनियन आहे तोवर हा कामगार कायद्याचा विषय, मक्तेदारी कायद्याचा नाही. यावर खेळाडूंनी सरळ युनियनच बरखास्त केली. आता आम्ही कुणाचे सदस्य नाही, एकेकटी माणसं आहोत, बोला!

लीगने दरम्यान 'प्लॅन बी' आणला होता. प्रत्येक संघाने ३७ खेळाडू राखून ठेवायचे, उरलेले मोकळे. म्हणजे ज्यांना कुणी फारसं विचारत नाही ते स्वतंत्र आणि ज्यांना मागणी आहे ते बांधलेले. जेट्सचा फ्रीमन मॅकनील आणि इतर सात जण याविरुद्ध उभे राहिले. १० सप्टेंबर १९९२ रोजी मिनियापोलिसच्याच ज्यूरीने प्लॅन बी बेकायदा ठरवला.

पाठोपाठ न्यायाधीश डेव्हिड डोटी यांनी करार नसलेल्या चार खेळाडूंना पाच दिवसांसाठी मोकळं केलं. त्यात क्लीव्हलँडचा वाइड रिसीव्हर वेबस्टर स्लॉटर होता. त्या पाच दिवसांचं त्याने सोनं केलं. तो ह्यूस्टन ऑयलर्सकडे गेला आणि पुढच्याच वर्षी त्याची प्रो बोलसाठी निवड झाली. ओवेन्सनंतर बरोबर तीस वर्षांनी एक रिसीव्हर पुन्हा स्वतःच्या मर्जीने आणि बदल्यात काही न देता दुसऱ्या गावी गेला.

त्याच १९९२ च्या उन्हाळ्यात जॉन मॅकीला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. नेहमीच्या निवडीसाठी ते त्याचं शेवटचं वर्ष होतं. युनियनमधल्या कामामुळेच त्याला इतकं ताटकळत ठेवलं, असं अनेकांना वाटतं.

आजची यादी

१९९३ मध्ये समझोता झाला. आजच्या नियमानुसार चार हंगाम पूर्ण केलेला खेळाडू करार संपला की मोकळा होतो. पण मालकांनीही आपलं पदरात पाडून घेतलं. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. शिवाय 'फ्रँचायझी टॅग' आला. संघ आपल्या एका मोठ्या खेळाडूला गलेलठ्ठ पगार देऊन आणखी एक वर्ष अडवू शकतो. ओवेन्सच्या ऑप्शनचाच हा श्रीमंत नातू.

आणि या मोकळेपणाला दुसरी बाजूही आहे. बहुतेक करारांतली सगळी रक्कम हमीची नसते. खेळाडू करार संपल्यावर जाऊ शकतो, संघ मात्र त्याला मध्येच काढू शकतो. यादीत म्हणून दोन प्रकारची माणसं असतात, स्वतः मोकळी झालेली आणि मोकळी केलेली.

आंद्रे रायझन दोन्ही होता. १९९५ मध्ये तो मोठ्या कराराने क्लीव्हलँडला गेला. वर्षभरात संघच बाल्टिमोरला हलला आणि त्याला काढलं. जॅक्सनव्हिलने घेतलं, नोव्हेंबर १९९६ मध्ये त्यांनीही काढलं. तेव्हा ग्रीन बे पॅकर्सचे रिसीव्हर जखमी होते आणि त्यांनी याला उचललं. जानेवारी १९९७ च्या सुपर बोलमध्ये पॅकर्सच्या दुसऱ्याच चालीवर ब्रेट फार्वने फेकलेला चेंडू रायझनने झेलला आणि ५४ यार्डांचा टचडाऊन झाला. पंचवीस वर्षांनी जवळपास तेच घडलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये क्लीव्हलँडने सोडलेला ओडेल बेकहॅम ज्युनियर लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला आणि फेब्रुवारीतल्या सुपर बोलचा पहिला टचडाऊन त्याच्या हातून झाला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याचा गुडघा गेला. पुढचा अख्खा हंगाम तो खेळू शकला नाही आणि त्याचं नाव पुन्हा त्याच यादीत आलं.

जॉन मॅकीला निवृत्तीनंतर स्मृतिभ्रंशाने गाठलं. २००७ मध्ये अशा माजी खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी एक योजना सुरू झाली आणि तिला त्याच्या जर्सीच्या आकड्यावरून '८८ प्लॅन' नाव दिलं गेलं. २०११ मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी ओवेन्सही गेला. आज ज्यांचे करार कोटींत मोजले जातात, त्यातल्या किती पोरांना ही दोन नावं सांगता येतील, कोण जाणे.

तुमच्यापैकी अनेक जण आत्ता पहिल्या नोकरीत असाल. ऑफर लेटरमध्ये नोटीस पीरियड, बाँड, प्रतिस्पर्धी कंपनीत न जाण्याचं कलम अशी बारीक अक्षरं असतात आणि आपण ती न वाचता सही करतो. ओवेन्सने ती वाचली होती. पुढच्या मार्चमध्ये मोकळ्या रिसीव्हरांची यादी समोर आली, तर वरून पहिलं नाव वाचण्याआधी त्याची उडी एकदा आठवा.