हरवलेली पोथी, उरलेली आठवण

दिवाळीच्या साफसफाईत पूर्वी माळ्यावरून पोथ्या, जमाखर्चाच्या वह्या आणि लाल कापडात बांधलेली दप्तरे निघत. आता कपाटातून तळहाताएवढी काळी हार्ड डिस्क निघते. लेकीच्या लग्नाची छायाचित्रे, आजोबांचा आवाज, शेतीची कागदपत्रे, सारे तिच्या पोटात. आणि संगणकाला जोडावी तर आतून नुसती टकटक! घरात क्षणभर सुतक पडते.

आमच्या मराठवाड्याला असे घाव नवे नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या भिंती कोसळल्या. हजारो माणसे गेली. त्यांच्या घरांतल्या तसबिरी आणि खतपत्रेही ढिगाऱ्यात गाडली गेली. परंतु गेलेले परत मिळवण्याची एक कथा याहून फार जुनी आहे, आणि ती ऐकण्यासारखी आहे.

नांदेड जिल्ह्यातले माहूर ज्यांना दत्तात्रेय प्रभूंचे स्थान म्हणून पूज्य आहे, त्या महानुभावांची ही कथा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असे परंपरा सांगते.

मग पंथीयांनी काय केले? ज्याला जे आठवत होते ते त्याने सांगितले. हिराइसा या स्त्रीच्या स्मरणातून उतरलेला पाठ आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा त्यांनी एक मोठी गोष्ट केली. मनाचा मजकूर घालून भेग बुजवली नाही. ‘वासना’ म्हणून तो निराळा पाठ शेजारीच नोंदवला. पुढे १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती निघाली, तीही अशा अनेक पोथ्या ताडून पाहूनच.

आजचा जाणकार कारागीर याच वाटेने जातो. टकटक ऐकू येताच डिस्क पुनःपुन्हा चालू करू नये, असे तो बजावतो. कारण आतला वाचणारा काटा फिरत्या तबकडीला घासत असेल, तर दर फेऱ्याला ओरखडा वाढतो. धूळ नसलेल्या खोलीत तो काटा बदलतो, आधी साऱ्या तबकडीची नक्कल उतरवतो, आणि शोध घेतो तो त्या नकलेत. जे उतरले नाही, त्याची जागा तो रिकामी ठेवतो. तरीही सारे परत मिळेल, असे वचन कोणी देऊ शकत नाही.

‘लीळाचरित्र’ तगले, कारण ते एकाच पोथीत नव्हते. अनेकांच्या मुखी होते. वाचकहो, यंदा भाऊबीजेला बहिणीकडे जाल, तेव्हा फराळाच्या डब्याबरोबर घरच्या छायाचित्रांची एक नक्कलही नेऊन द्या.