व्हिस्टा : एका स्टिकरची गोष्ट

२००६ साली अमेरिकेतील दुकानांत मांडलेल्या अनेक संगणकांवर एक लहानसे स्टिकर झळकू लागले : ‘विंडोज व्हिस्टा कॅपेबल’. व्हिस्टा तेव्हा तयारही नव्हती. तरी ती या यंत्रावर चालेल, असे वचन त्या स्टिकरने ग्राहकाला देऊन टाकले होते. पुढे खटला उभा राहिला तो याच वचनावरून.

मागची हकीकत थोडक्यात अशी. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आली. तिच्यानंतरची आवृत्ती, अंतर्गत नाव ‘लाँगहॉर्न’, ही खरे तर मधला छोटा टप्पा ठरायची होती. पण तिच्यात नवनव्या कल्पनांची भर पडत गेली. अशातच २००३ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ने एक्सपीवरील संगणकांत धुमाकूळ घातला आणि मायक्रोसॉफ्टचे अनेक अभियंते जुन्या घराच्या डागडुजीला जुंपले गेले. अखेर २००४ मध्ये लाँगहॉर्नची बांधणी सर्व्हर २००३ च्या पायावर नव्याने सुरू झाली. गाजावाजा झालेली ‘विनएफएस’ ही साठवणव्यवस्था वगळली गेली.

३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा सर्वसामान्यांच्या हाती पडली. पाच वर्षे वाट पाहिलेल्या ग्राहकाला नुसते ‘ठीक’ पुरेसे वाटत नाही, आणि इथे तर पहिल्याच दिवसांत प्रिंटर अडू लागले.

कारण तांत्रिक होते आणि, गंमत म्हणजे, हेतू चांगला होता. ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि उपकरण यांच्यातील दुभाषा. एक्सपीत ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यातच वावरे. तो कोसळला की अख्खा संगणक निळ्या पडद्यावर थिजे. व्हिस्टाने त्याचा मोठा भाग गाभ्याबाहेर काढला. परिणामी उत्पादकांना ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले आणि अनेकांचे वेळेत झाले नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या २००७ मधील नोंदींत सुमारे २९ टक्के बिघाड एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांमुळे झालेले दिसतात. ग्राहकाने बोल लावला तो मात्र व्हिस्टालाच.

आता पुन्हा त्या स्टिकरकडे. ‘कॅपेबल’ म्हणवणाऱ्या कित्येक यंत्रांवर फक्त ‘होम बेसिक’ ही साधी आवृत्ती धड चालत असे; जाहिरातींत मिरवलेला ‘एरो’चा पारदर्शक देखावा तिच्यात नव्हताच. २००७ मध्ये ग्राहक सिअ‍ॅटलच्या न्यायालयात गेले. २००८ मध्ये तिथे कंपनीचे अंतर्गत ईमेल उघड झाले. इंटेलच्या ९१५ चिपसेटची विक्री सावरण्यासाठी स्टिकरची अट शिथिल केली, असे एका अधिकाऱ्याने त्यांत लिहिले होते. इंटेलने ते नाकारले. कंपनीचे उपाध्यक्ष माइक नॅश यांनी स्वतः २,१०० डॉलरचा लॅपटॉप घेतला होता आणि तो आता केवळ ईमेलपुरता उरला, अशी त्यांची तक्रार होती. जी कंपनी आपल्याच उपाध्यक्षाला हे स्टिकर समजावू शकली नाही, तिने दुकानातल्या विद्यार्थ्याकडून काय अपेक्षा करावी? पुढे २००९ मध्ये न्यायालयाने दाव्याचा सामूहिक दर्जा काढून घेतला.

दरम्यान, २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने काही एक्सपी वापरणाऱ्यांना ‘मोहावी’ नावाची ‘नवी’ प्रणाली दाखवली. त्यांना ती आवडली. ती व्हिस्टाच होती! अर्थात, ती दाखवली होती कंपनीने निवडलेल्या, सगळे ड्रायव्हर जागच्या जागी असलेल्या यंत्रावर. म्हणून या प्रयोगाला फार वजन देता येत नाही.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी विंडोज ७ आली आणि तिचे जोरदार स्वागत झाले. तोवर ड्रायव्हर तयार होते, यंत्रे बळकट झाली होती. पाया मात्र व्हिस्टाचाच होता : व्हिस्टाचा अंतर्गत क्रमांक ६.०, आणि विंडोज ७ चा ६.१.