विंचवाचे बिऱ्हाड आणि घर क्रमांक

मागल्या हिवाळ्यात चंदीगडला जाणे झाले. तिथे तीस वर्षांपासून स्थायिक असलेल्या माझ्या एका मराठी मित्राच्या मुलाने नुकताच आपला फ्लॅट विकून एका मोठ्या व्हॅनमध्ये संसार थाटला होता. आत झोपण्यापुरता पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सौर पॅनेल. नोकरी लॅपटॉपवर, त्यामुळे आज शिवालिकच्या पायथ्याशी तर उद्या राजस्थानात. गाडीतील फेरबदलांची मोटार वाहन कायद्याप्रमाणे मंजुरीही त्याने रीतसर घेतली होती. एक छापील अर्ज पुढे करून तो म्हणाला, "काका, तुम्ही आयुष्य सरकारी नोकरीत काढलंत. आता सांगा, इथे 'कायमचा पत्ता' काय लिहू?"

मला उत्तर सुचले नाही. मात्र हा प्रश्न चंदीगडमध्ये विचारला जावा यात इतिहासाची एक गंमत आहे.

१९४७ च्या फाळणीत पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली आणि लाखो माणसे बेघर होऊन इकडे आली. नव्या राजधानीसाठी वास्तुरचनाकार शोधायला प्रशासक पी. एन. थापर व मुख्य अभियंता पी. एल. वर्मा हे दोन अधिकारी १९५० मध्ये युरोपात गेले आणि १९५१ पासून ल कॉर्बुझिए यांचे काम सुरू झाले. १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद असे सेक्टर आखले गेले. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत पगाराच्या श्रेणीनुसार सरकारी घरांचे १३ प्रकार ठरले. पत्ता म्हणजे दोन आकडे: घर क्रमांक आणि सेक्टर. सर्वस्व गमावून आलेल्या निर्वासिताला हा क्रमांक म्हणजे केवढा दिलासा वाटला असेल! पत्त्यामागे शासनाची करुणाही असते, हे आधी मान्य केले पाहिजे.

परंतु हे शहर कागदावर उतरत असतानाच कॉर्बुझिए यांनी स्वतःसाठी काय बांधले? फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ३.६६ मीटर लांब व तितकीच रुंद अशी एक लाकडी खोली! त्यात स्वयंपाकघर नाही. जेवण शेजारच्या खानावळीत. इतरांसाठी शहरे आखणारा हा माणूस उन्हाळ्यात तिथे राहून सुखी होता. म्हणजे कमी जागेत राहणे ही दरिद्र्याचीच गोष्ट असते असे नाही.

आता दुसरी बाजू. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम लागू झाला तो पंजाबसह उत्तर भारतातच. ज्यांचा मुक्काम एका जागी नाही ते संशयित, हे त्यामागचे एक मोठे गृहीतक होते. नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी. आपल्याकडे सोलापूरची 'सेटलमेंट' याच कायद्याची खूण. हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. चंदीगडच्या उभारणीचा कायदाही १९५२ चाच. एप्रिल १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी गाडिया लोहारांना समारंभपूर्वक चित्तोडगडावर नेले. चित्तोड पडल्यावर घरात न राहण्याची त्यांच्या पूर्वजांची प्रतिज्ञा सुटली, असे जाहीर झाले. तरीही हरियाणा व राजस्थानच्या रस्त्यांकडेला त्यांची बिऱ्हाडे आजही दिसतात. प्रतिज्ञा सुटली, पण जमिनीचा तुकडा सर्वांच्या वाट्याला आला नाही.

इथे मला स्वतःचाच एक प्रसंग सांगितला पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीला महाराष्ट्रातील एका उपविभागात प्रांताधिकारी असताना रस्त्याकडेला उतरलेल्या घिसाड्यांच्या गाड्यांबद्दल तक्रार आली. मी हलवण्याचा आदेश काढला. एक म्हातारी ऑफिसच्या पायरीशी येऊन म्हणाली, "साहेब, उठवा, पण बसू कुठं ते तरी सांगा." माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण आदेशाच्या नमुन्यात तसा रकानाच नव्हता. त्याच आठवड्यात मी दौऱ्यावरून पत्रे पाठवत होतो, आणि त्यांच्या माथ्यावर 'कँप:' लिहून त्या दिवसाच्या मुक्कामाचे गाव घातलेले असे. इंग्रजी अमदानीत कलेक्टर तंबू घेऊन जिल्हाभर फिरत, त्याची ही खूण. अधिकाऱ्याचा मुक्काम हा वैध पत्ता. म्हातारीचा मुक्काम मात्र अतिक्रमण!

वास्तविक कायद्याला वाट माहीत आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० सांगतो की केवळ घर मालकीचे आहे म्हणून कुणी त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. बेघर मतदाराकडे कागद मागू नये, अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो तिथे झोपतो का ते पाहावे, अशी निवडणूक आयोगाची पद्धत आहे. २०११ च्या जनगणनेत बेघरांची गणती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. म्हणजे जिथे माणूस झोपतो तिथे शासनाने जावे, हे तत्त्व आपण स्वीकारलेलेच आहे.

मित्राच्या मुलाला मी वडिलांचा पत्ता लिहायला सांगितले. प्रश्न सुटला, कारण त्याच्या वडिलांना घर क्रमांक आहे. त्या म्हातारीच्या नातवाचे काय?

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. अशा गाड्यांसाठी वीज, पाणी व स्वच्छतागृहे असलेले तळ व्हावेत हा त्याचा एक भाग. चांगलीच गोष्ट आहे. माझी सूचना इतकीच की तालुक्याच्या ठिकाणी असा एक तळ घिसाड्याच्या गाडीसाठीही असावा, आणि सरकारी अर्जावर 'कायमचा पत्ता' याच्या जोडीला 'सध्याचा मुक्काम' हा पर्याय तितकाच ग्राह्य धरावा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे आपण म्हणतो. ज्याने ते हौसेने घेतले त्याचे स्वागत आणि ज्याला ते जन्माने मिळाले त्याला नोटीस, हा भेद प्रशासनाला शोभत नाही. तो आदेश काढताना हे मला कळले असते तर बरे झाले असते.