हेकलर: जवसाच्या फणीपासून सभेतल्या प्रश्नापर्यंत

दुसऱ्याची टर उडवण्यासाठी इंग्रजीत शब्दांची मुळीच वाण नाही. त्यांतला ‘बँटर’ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या बोलीतून वर आला, आणि लेखक जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये त्याच्यावर जाहीरपणे नापसंती व्यक्त केली. ‘टीझ’ आणि ‘हेकल’ हे दोन शब्द मात्र धाग्यावर राबणाऱ्या हातांनी दिले. ‘टीझ’ म्हणजे मुळात लोकर पिंजणे. माणसाला सतावण्याचा अर्थ त्याला सतराव्या शतकात चिकटला. ‘हेकल’ हे जवसाचे धागे विंचरण्याचे काम. आज वक्त्याच्या भाषणात ओरडून व्यत्यय आणणाऱ्याला हेकलर म्हणतात आणि त्याची गणना हुल्लडबाजांत होते. हा त्या प्रथेवर अन्याय आहे असे माझे मत आहे. स्कॉटलंडमध्ये हेकलिंग म्हणजे उमेदवाराला भर सभेत प्रश्न विचारून धारेवर धरणे होते, आणि ज्यांना मत नव्हते त्यांच्यासाठी तर ते राजकारणात बोलण्याच्या मोजक्या वाटांपैकी एक होते.

आधी ते काम पाहू. आपल्याकडे जवस म्हटले की चटणी आणि तेल आठवते. स्कॉटलंडला त्याच्या देठातला धागा हवा असे. देठ पाण्यात कुजवायचे, वाळवायचे, कुटायचे, भुसकट झाडायचे आणि मग कामगाराने मूठभर धागा घेऊन फळीवर उभ्या ठोकलेल्या पोलादी दातांवर मारून ओढायचा. आधी विरळ दातांच्या फणीवर, नंतर दाट दातांच्या. आखूड, गुंतलेला धागा दातांत अडकून राही आणि लांब, सरळ धागा हातात येई. कसबाचे काम होते, आणि धुळीचेही. कवी रॉबर्ट बर्न्स १७८१ मध्ये हेच शिकायला आयर्विन गावी गेला होता; नववर्षाच्या जल्लोषात ते दुकान जळाले. डंडी शहरातले हेकलर जहाल मतांचे म्हणून ओळखले जात. एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी हात चालू ठेवून वाद घालायचा, अशी त्यांच्या कारखान्यांची रीत सांगितली जाते.

सभेतला ‘हेकल’ या डंडीकरांनीच जन्माला घातला, अशी कथा लोकप्रिय आहे. यावर रास्त आक्षेप असा की जवस विंचरणारे कामगार स्कॉटलंडभर होते आणि कसून झडती घेणे हा अर्थ कोणत्याही गावात सुचू शकला असता. आक्षेप मला मान्य आहे. एका शहराला शब्दाचे पितृत्व बहाल करण्याइतका पुरावा नाही. पण त्याने मूळ मुद्द्याला धक्का लागत नाही. १८३२ च्या सुधारणा कायद्यापूर्वी अख्ख्या स्कॉटलंडमध्ये जेमतेम साडेचार हजार मतदार होते. कायद्यानंतर ते सुमारे पासष्ट हजार झाले, तरी कामगार बहुतांशी बाहेरच राहिले. एकोणिसाव्या शतकात संसदेच्या उमेदवाराला जाहीर सभेत प्रश्न विचारण्याला स्कॉटलंडमध्ये हेकलिंग हेच नाव रूढ झाले. मत देता न येणाराही सभेत उभा राहून विचारू शकत होता. प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडते, नाहीतर ते टाळताना सगळा गाव पाहतो. नुसत्या टिंगलीत ही ताकद नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हेकलिंगच्या नावाखाली भाषणे बंद पाडली जातात. पण प्रश्न विचारणे आणि सभा बंद पाडणे एक नव्हे. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये स्त्री-मताधिकारासाठी लढणाऱ्या ख्रिस्ताबेल पँखर्स्ट आणि ॲनी केनी यांनी लिबरल नेते सर एडवर्ड ग्रे यांच्या सभेत विचारले की लिबरल सरकार सत्तेवर आल्यास स्त्रियांना मताधिकार देणार का. ॲनी दहाव्या वर्षापासून कापसाच्या गिरणीत राबलेली होती. दोघींनी प्रश्न लिहूनही दिला. उत्तर मिळाले नाही. दोघींना ओढत बाहेर काढले. दंड भरायला नकार देऊन ॲनीने तीन दिवसांचा आणि ख्रिस्ताबेलने सात दिवसांचा तुरुंगवास पत्करला. उलट १९०८ च्या मे महिन्यात डंडीच्या पोटनिवडणुकीत मताधिकारवादी मेरी मालोनी मोठी घंटा घेऊन लिबरल उमेदवार विन्स्टन चर्चिल यांच्या मागे लागली: स्त्रियांबद्दलच्या उद्गारांची माफी मागा, तोवर बोलू देणार नाही. डंडीच्या ताग गिरण्यांत बहुसंख्य कामगार स्त्रियाच होत्या आणि संसदेसाठी मत एकीलाही नव्हते, त्यामुळे मालोनीचा संताप मला कळतो. पण घंटेला प्रश्न म्हणता येणार नाही. घंटेच्या आवाजात वक्त्याचे उत्तरही बुडते, आणि उत्तर ऐकायला आलेल्या गिरणीतल्या बाईचाही त्यात तोटाच होतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने सार्वजनिक सभांचा कायदा केला. सभेचे कामकाज बंद पाडण्यासाठी गोंधळ घालणे हा त्याने गुन्हा ठरवला. प्रश्न विचारणे गुन्हा ठरले नाही. रेघ योग्य जागी ओढली गेली, पण ती ओढणाऱ्या सभागृहात एकही स्त्री नव्हती आणि ग्रे यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न तीन वर्षांनंतरही तसाच पडून होता. सभा उधळणाऱ्यांचा हिशेब मांडताना हे अनुत्तरित प्रश्नही त्याच वहीत लिहिले पाहिजेत. मँचेस्टरमध्ये त्या दोघींनी आधी विचारले होते, मग लिहून दिले होते, आणि त्यानंतरच आवाज चढवला होता.