घरून ऑफिसचा संगणक उघडत नाही? आधी बघा, अडलंय कुठे

महिन्याची २० तारीख. जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. टॅलीचा सगळा डेटा ऑफिसच्या संगणकात आणि तुम्ही घरी. रिमोट डेस्कटॉप उघडून 'कनेक्ट' दाबता, थोडा वेळ गोल फिरत राहतो आणि मग संदेश येतो की जोडणी होऊ शकत नाही. अशा वेळी आपण पहिल्यांदा घरचा राउटर बंद करून चालू करतो. त्याने सहसा काही होत नाही. घरी बाकीचं इंटरनेट नीट चालत असेल तर अडचण बहुतेक ऑफिसकडे असते.

घाईत आपण तो संदेश वाचतच नाही, खिडकी बंद करून टाकतो. पण आपण कुठवर पोहोचलो हे त्या संदेशातच असतं.

युजरनेम किंवा पासवर्ड चुकला असं लिहिलं असेल तर अर्धी लढाई जिंकलात. ऑफिसचा संगणक चालू आहे, रस्ता मोकळा आहे, फक्त दार उघडत नाहीये. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पिन टाकणं. ऑफिसात रोज आपण चार-सहा आकडी पिन टाकून संगणक उघडतो, पण तो पिन त्या यंत्रासमोर बसूनच चालतो. लांबून खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो अनेकांना आठवतच नाही. खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तरी विंडोज लांबून आत घेत नाही. शिवाय तुमचं खातं ॲडमिनचं नसेल, तर ऑफिसच्या संगणकात 'रिमोट डेस्कटॉप युजर्स'च्या यादीत तुमचं नाव असावं लागतं.

दुसरा संदेश तीन शक्यता सांगतो: रिमोटची सोय सुरू नाही, संगणक बंद आहे किंवा तो नेटवर्कवर सापडत नाही. कालपर्यंत सगळं नीट चालत असेल तर आधी दुसरी शक्यता तपासा. संगणक झोपलेला असतो! काही वेळ कोणी हात लावला नाही की विंडोज त्याला स्लीपमध्ये टाकतं आणि मग तो हाकेला ओ देत नाही. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', त्यात 'पॉवर' उघडून स्लीपसमोर 'नेव्हर' निवडा. स्क्रीन बंद झाली तरी चालते. आपल्याकडे वीज जाण्याचा प्रश्नही आहेच. वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा अशी सोय बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये असते. ती आयटीवाल्यांकडून एकदाच करून घ्या.

पहिल्यांदाच जोडत असाल तर ऑफिसच्या संगणकावर विंडोजची कोणती आवृत्ती आहे ते बघा. होम आवृत्तीवरून दुसरीकडे जाता येतं, पण होम आवृत्तीच्या संगणकात रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही. तिथे प्रो लागतं, नाहीतर क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा एनीडेस्कसारखा वेगळा मार्ग धरावा लागतो.

आता रस्त्याची गोष्ट. ऑफिसच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२५ असा काहीतरी असतो. हा पत्ता फक्त ऑफिसच्या आतला. घरून तिथे जायला आधी ऑफिसचं व्हीपीएन जोडावं लागतं. व्हीपीएन जोडलेलं दिसतंय आणि तरी संगणक सापडत नाही, तर एक गंमत तपासा. तुमच्या घरच्या राउटरचे पत्तेही १९२.१६८.१ पासूनच सुरू होतात का? तसं असेल तर तुमचा लॅपटॉप ऑफिसचा संगणक घरातच शोधत बसण्याची शक्यता आहे. घरचं वायफाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून बघा. लगेच जोडलं गेलं तर दोष घरच्या राउटरकडे आहे. त्याची पत्त्यांची मालिका बदलून १९२.१६८.५० केली की प्रश्न मिटतो. तरीही जमलं नाही तर ऑफिसातल्या कोणाला तरी संगणकाचा आजचा पत्ता बघायला सांगा. राउटर तो अधूनमधून बदलतो आणि आपण जुन्याच पत्त्यावर हाका मारत असतो. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून मात्र संगणक बंद आहे असं धरू नका. विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंग अडवते.

एवढं करूनही जमलं नाही की कोणीतरी जाणकार सुचवतो, "राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून टाक, व्हीपीएनची कटकट नको." हे करू नका. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला दरवाजा आहे आणि असे उघडे दरवाजे शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. मे २०१९ मध्ये याच सेवेत 'ब्लूकीप' नावाची त्रुटी सापडली. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने तोवर बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. रॅन्समवेअर शिरलं तर तुमच्या एकट्याच्या नाही, अख्ख्या ऑफिसच्या हिशेबाच्या फायलींना कुलूप लागतं.

मदतीसाठी गुगलवर 'हेल्पलाइन' शोधून दिसेल त्या नंबरला फोन करणंही तितकंच धोक्याचं. समोरचा गोड बोलून एनीडेस्क टाकायला लावतो, आकडी कोड विचारतो आणि मग तुमची स्क्रीन त्याची होते. अशा प्रकारांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ऑफिसच्या आयटीवाल्याचा नंबर आधीच मोबाइलमध्ये ठेवा.

आणि काम झाल्यावर सवयीने 'शट डाउन' दाबू नका, 'डिस्कनेक्ट' करा. ऑफिसचा संगणक घरून बंद झाला की तो परत चालू करायला बहुतेक वेळा कोणाला तरी ऑफिसात जाऊन बटणच दाबावं लागतं.