पडदा मिटण्याची मुदत : मॉनिटरच्या वीजबचतीचा इतिहास

घरगुती संगणकाचा मॉनिटर ठरावीक वेळ वापराविना राहिला की आपोआप काळा पडतो, ही सोय आज अंगवळणी पडली आहे. तिच्या इतिहासात मात्र दोन वेगळ्या चिंता एकमेकींत मिसळलेल्या आहेत, पडदा टिकावा ही पहिली आणि वीज वाचावी ही दुसरी, आणि या सरमिसळीमुळे हाताशी असलेली बचतही दीर्घकाळ पदरात पडली नाही.

पहिली चिंता जुन्या मॉनिटरमधील कॅथोड किरण नलिकेच्या रचनेतून आली. या निर्वात काचनळीच्या मागील टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो आणि पुढील काचेच्या आतल्या बाजूस दिलेला फॉस्फर या दीप्तिमान द्रव्याचा थर, झोत पडेल तेथे, उजळतो. एकच मजकूर दिवसचे दिवस त्याच जागी राहिला तर तेथील थर इतर भागापेक्षा लवकर झिजे आणि मॉनिटर बंद असतानाही अक्षरांचे पुसट वळ काचेवर दिसत. या दोषाला ‘बर्न-इन’ म्हणत. त्यावर उपाय म्हणून जॉन सोचा या प्रोग्रॅमरने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम डिसेंबर १९८३ च्या ‘सॉफ्टॉक’ मासिकात प्रसिद्ध झाला. आयबीएम पीसीवर तीन मिनिटे काम थांबले की तो पडदा काळा करी. ही मुदत बदलायची तर मूळ प्रोग्रॅममध्ये फेरफार करून तो नव्याने कंपाइल करावा लागे. झोत मंदावल्याने वीज थोडी वाचे, परंतु झोत सुटण्यासाठी नळीचे मागील टोक तापवणारा हीटर आणि बाकीची मंडले चालूच राहत. पुढे १९८९ मध्ये बर्कली सिस्टिम्स या कंपनीने आणलेल्या ‘आफ्टर डार्क’मध्ये काळ्या पडद्यावर पंख फुटलेले टोस्टर उडू लागले आणि पडदा वाचवणारा असा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन सेव्हर, करमणुकीचा माल झाला. रंगीत मॉनिटर साधारण ६० ते १०० वॅट वीज खात असे, आणि ती आता कोणी पाहत नसलेल्या टोस्टरांसाठी खर्च होऊ लागली.

दुसरी चिंता शासनाच्या दारातून आली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ हे ऐच्छिक बोधचिन्ह सुरू केले आणि संगणक व मॉनिटर ही त्याखाली आलेली पहिली उत्पादने ठरली. वापर नसताना संगणकाने आणि मॉनिटरने प्रत्येकी ३० वॅटपेक्षा अधिक वीज घेऊ नये, अशी मूळ अट होती. ती मोडणाऱ्याला दंड नव्हता, तरीही उत्पादकांनी ती मनावर घेतली, कारण एप्रिल १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी संघीय कार्यालयांनी याच निकषांचे संगणक विकत घ्यावेत असा आदेश काढला. एवढे मोठे गिऱ्हाईक गमावणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते.

वापर थांबल्याचे मॉनिटरला कळवायचे कसे, हा खरा तांत्रिक प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर या इतिहासातील सर्वांत देखणी गोष्ट म्हणावी लागेल. संगणकाकडून मॉनिटरकडे तीन रंगांच्या संकेतांबरोबर दोन समक्रमण-संकेतही जात असत : आडवा संकेत झोताला नवी ओळ केव्हा सुरू करायची ते सांगे, तर उभा संकेत नवे चित्र केव्हा सुरू करायचे ते. व्हिडिओ उपकरणांची मानके ठरवणाऱ्या ‘व्हेसा’ या कंपन्यांच्या संघटनेने १९९३ मध्ये ‘डीपीएमएस’ हे मानक काढले आणि याच दोन संकेतांच्या असण्या-नसण्याला अर्थ दिला. दोन्ही चालू असतील तर नेहमीचे काम, केवळ आडवा थांबला तर ‘स्टँडबाय’, केवळ उभा थांबला तर ‘सस्पेंड’, आणि दोन्ही थांबले तर ‘ऑफ’. बचतीची पायरी जितकी खोल तितका पडदा पुन्हा उजळायला अधिक वेळ लागे, कारण थंड झालेला हीटर तापवावा लागे. या सर्वासाठी नवी तार लागली नाही की नवा जोड लागला नाही.

एवढे होऊनही घरातल्या मालकाला ही सोय लावून घेणे सोपे गेले नाही. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताच चालणाऱ्या मूलभूत आज्ञावलीत, पडदा नुसता काळा करायचा, समक्रमण-संकेतही थांबवायचे की ‘डीपीएमएस’ वापरायचे, असे पर्याय कोणतेही स्पष्टीकरण न देता मांडलेले असत. विंडोज ९५ मध्ये मॉनिटर एनर्जी स्टारच्या निकषांचा आहे अशी खूण करण्याची चौकट होती, कारण संकेत अचानक थांबणे प्रत्येक जुन्या मॉनिटरला मानवेलच अशी खात्री नव्हती. वीजबचतीच्या मुदती मात्र स्क्रीन सेव्हरच्याच पानावर, त्याच्या खाली ठेवल्या गेल्या. वीज खर्च करणारी नक्षी आणि वीज वाचवणारी मुदत शेजारी नांदू लागल्यावर दोन्हींचे काम एकच असावे असा समज झाला, तर त्यात वापरणाऱ्याचा दोष नव्हता. मे १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेटी ॲट होम’ या प्रकल्पाने तर स्क्रीन सेव्हरच्या रूपाने रिकाम्या संगणकांना परग्रहावरील संकेत शोधण्याच्या कामाला जुंपले. हेतू वैज्ञानिक असला तरी विजेच्या दृष्टीने तो विश्रांतीच्या नेमका उलट होता.

सपाट द्रवस्फटिक पडदे आल्यावर स्क्रीन सेव्हरने पडदा टिकतो हा जुना युक्तिवाद उरला नाही. द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाही, तो मागच्या दिव्याचा प्रकाश केवळ अडवतो किंवा सोडतो. त्यामुळे अशा पडद्यावर काळे चित्र दाखवले तरी दिवा जळतच राहतो आणि संगणकाने संकेत थांबवल्यावरच तो विझतो. जुलै २००७ पासून लागू झालेल्या एनर्जी स्टारच्या चौथ्या आवृत्तीने मॉनिटर १५ मिनिटांत आणि संगणक ३० मिनिटांत निद्रावस्थेत जाईल अशी मुदत लावूनच संगणक विक्रीस पाठवावा, अशी अट घातली. मालकाच्या उत्साहावर विसंबण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच शहाणपणाचा होता. ज्या घरात आजही द्रवस्फटिक पडद्यावर स्क्रीन सेव्हरची नक्षी फिरते, तेथे तो बंद करून मॉनिटर मिटण्याची मुदत दहा-पंधरा मिनिटांवर आणणे एवढेच काम शिल्लक आहे.